छापलेले मूळ
क्यूबाची सिल्कस्क्रीन चित्रपट-पोस्टरे आणि संग्राहकाची नजर

चार वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून टपालाने एक पोस्टर मागवले. त्रुफोच्या १९६८ सालच्या ‘स्टोलन किसेस’ या चित्रपटाचे. पण फ्रान्समधले नव्हे, क्यूबातले. हवानाच्या रेने आस्कुय यांनी ते १९७० मध्ये केले. त्याचे स्पॅनिश नाव ‘बेसोस रोबादोस’. सगळी प्रतिमा काळीपांढरी, लाल फक्त ओठ. विक्रेत्याने ‘१९७०, मूळ छपाई, हाताने केलेले सिल्कस्क्रीन’ असे लिहून दिले होते. किंमत माझ्या आवाक्याबाहेरची होती. घरी सांगताना मी तिच्यातले एक शून्य गाळले, हे इथे कबूल करून टाकतो.

पोस्टर आले. मी ते टेबलावर पसरले, खिडकीच्या उजेडात तिरके धरले आणि काळ्या भागावरून बोट फिरवले. शाई जाळीतून उतरलेली होती, यात शंका नव्हती. ती कागदात मुरलेली नव्हती, कागदावर बसलेली होती. तिची कड बोटाला लागत होती. भिंगाखाली ऑफसेटचे ठिपके नव्हते. पण कागद पन्नास वर्षांचा नव्हता. कडा कुठेच पिवळ्या पडलेल्या नव्हत्या, पाठ कोरी करकरीत होती आणि नळकांड्यातून काढल्यावर ताज्या शाईचा जो वास येतो तो अजून शिल्लक होता. थोडक्यात, हाताने केलेले सिल्कस्क्रीन खरे, १९७० खोटे.

मी विक्रेत्याला कळवले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : चित्र तेच आहे, छापण्याची रीत तीच आहे, मग फरक काय पडतो?

तेव्हा मी चिडलो होतो. नंतर मात्र हा प्रश्न मनातून जाईना. चित्रकलेच्या बाजारात त्याचे उत्तर सोपे आहे : मूळ ते मूळ, नक्कल ती नक्कल. सिल्कस्क्रीनच्या बाबतीत ते इतके सोपे नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका ओळीला दिलेले, थोडे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

जाळीची बाजू

मी कलाशाळेत गेलेलो नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून अकरा वर्षे मी पुण्यात पेठेतल्या एका तळघरात स्क्रीन प्रिंटिंगचे काम केले. लग्नपत्रिका, रिक्षांचे स्टिकर, गणेश मंडळांचे कापडी फलक, निवडणुकीच्या दिवसांत झेंडे. पोस्टरांकडे मी आलो तो या वाटेने, त्यामुळे माझी नजर समीक्षकाची कमी आणि कामगाराची जास्त आहे. तिचे फायदेतोटे वाचकांनी गृहीत धरावेत.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडी फ्रेमवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवतात. पूर्वी ते रेशमाचे असे, म्हणून सिल्कस्क्रीन हे नाव. जिथे शाई उतरायला नको तिथली जाळी बुजवायची. पातळ फिल्म चाकूने कापून ती जाळीला चिकटवणे हा याचा जुना मार्ग. प्रकाशाने कडक होणारे रसायन लावून जाळीवर आकृती उठवणे हा दुसरा. मग फ्रेम कागदावर टेकवून शाई ओतायची आणि रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. एका रंगाला एक फ्रेम. पहिला रंग वाळला की दुसरा. सहा रंगांचे पोस्टर तीनशे प्रतींत काढायचे तर अठराशे वेळा हात ओढावा लागतो, आणि प्रत्येक वेळी कागद खुणेला नेमका लावावा लागतो. याला आम्ही रजिस्टर जुळवणे म्हणत असू. पावसाळ्यात कागद ओल धरतो, किंचित वाढतो, आणि सकाळी जुळलेला रंग संध्याकाळी केसभर सरकलेला असतो.

हा तपशील देण्याचे कारण असे की, या रीतीला काय जमते आणि काय जमत नाही यावरच क्यूबाच्या पोस्टरांचे रूप उभे आहे. सपाट, दाट, एकसलग रंग तिला उत्तम जमतो. हळूहळू फिकट होत जाणारी छटा तिला जड जाते. चेहऱ्यावरच्या शंभर छटा दाखवून नटाला ओळखू येईलसा रंगवणे, म्हणजे आपल्याकडच्या सिनेपोस्टराचा जो प्राण, तो तिच्या स्वभावात नाही.

हवानाचा कारखाना

सिल्कस्क्रीनची पोस्टरे क्यूबामध्ये क्रांतीबरोबर आली असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. एलादियो रिवादुया हे हवानामध्ये १९४०च्या दशकापासून चित्रपटांची पोस्टरे या रीतीने छापत होते. क्रांतीने तंत्र आणले नाही. तंत्राला दुसरे काम दिले.

मार्च १९५९ मध्ये, म्हणजे सत्ताबदलानंतर तीन महिन्यांच्या आत, क्यूबाची चित्रपट संस्था स्थापन झाली. तिच्या स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘इकाइक’ म्हणतात. या संस्थेने ठरवले की देशात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांची पोस्टरे इथेच, नव्याने करायची. परदेशी चित्रपट आला तरी त्याचे परदेशी पोस्टर लावायचे नाही. म्हणून त्रुफोला, जपानच्या कोबायाशीला आणि चॅप्लिनला हवानामध्ये नवे रूप मिळाले. पोस्टराचा आकार ठरून गेला : सुमारे ५१ बाय ७६ सेंटिमीटर. रस्त्यावर ती लावण्यासाठी छत्रीच्या आकाराचे खांब उभारले गेले. १९६२ मध्ये अमेरिकेने पूर्ण व्यापारबंदी लादली. यंत्रे, कागद, शाई, सगळ्याचीच टंचाई. अशा देशात लाकडी फ्रेम आणि माणसाचा हात यांवर चालणारी छपाई टिकली यात नवल नाही.

इथे संग्राहकांची एक नेहमीची गफलत सांगायला हवी. क्यूबाची म्हणून जी पोस्टरे बाजारात येतात त्यांत दुसरा एक मोठा गट असतो, तिन्ही खंडांतल्या लढ्यांना पाठिंबा देणाऱ्या ‘ओस्पाआल’ या संघटनेच्या राजकीय पोस्टरांचा. ती ऑफसेटवर छापली जात आणि घड्या घालून ‘त्रिकोंतिनेंताल’ या मासिकातून जगभर जात. त्यांवर घडीची खूण असणे स्वाभाविक आहे. इकाइकची पोस्टरे हवानाच्या रस्त्यासाठी होती आणि जाळीतून छापलेली होती. दोन्हींवर काही चित्रकार सारखेच असल्यामुळे ती एका माळेत ओवली जातात. पण एक लांबच्या वाचकाला पाठवलेले पत्र आहे आणि दुसरे गावातल्या माणसाला दिलेली हाक.

इकाइकचे पहिले पोस्टर १९६० सालचे, ‘इस्तोरियास दे ला रेव्होलुसिओन’ या चित्रपटाचे. ते केले एदुआर्दो मुन्योस बाक्स यांनी. हे गृहस्थ जन्माने स्पेनच्या व्हॅलेन्सियाचे. यादवी युद्धानंतर आईवडिलांबरोबर लहानपणीच क्यूबात आले. चित्रकलेचे शिक्षण नाही, स्वतःच शिकलेले. त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते ती या कारणानेही असेल, पण तेवढ्यानेच नव्हे. त्यांची रेषा थरथरती, मुलाने पाटीवर काढावी तशी. मुलांच्या पुस्तकांसाठीही ते चित्रे काढत. १९६७ मध्ये ओक्ताव्हिओ कोर्ताझार यांनी ‘पोर प्रिमेरा वेस’, म्हणजे ‘पहिल्यांदाच’, हा छोटा माहितीपट केला : फिरता सिनेमा डोंगरातल्या एका वस्तीत जातो आणि तिथली माणसे आयुष्यात पहिल्यांदा चित्रपट पाहतात, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’. याचे पोस्टर मुन्योस बाक्स यांचे. त्यात चॅप्लिन आहे, पण नटाच्या छायाचित्रावरून उतरवलेला नाही. ज्याने त्याला काल रात्रीच पाहिले आणि आज आठवून काढले, अशा माणसाच्या हातचा आहे.

आता हीच रेषा जाळीच्या बाजूने पाहा. चित्रकाराने ब्रशने सहज मारलेली थरथर चाकूने फिल्ममध्ये कापायची म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी कापले आहे त्यालाच कळेल. चाकूचा स्वभाव सरळ जाण्याचा. थरथर कापायची तर ती ठरवून, सावकाश कापावी लागते. मुन्योस बाक्स यांच्या पोस्टरातला निरागसपणा म्हणजे दोन माणसांचे काम आहे. एक सहज वागला आणि दुसऱ्याने तो सहजपणा घामाने उतरवला.

आस्कुय यांचे उदाहरण उलट टोकाचे. ते छायाचित्र वापरतात, पण त्यातल्या मधल्या करड्या छटा काढून टाकतात. उरते फक्त काळे आणि पांढरे. जाळीला छटा जमत नाहीत म्हणून केलेली ही तडजोड आहे, असे मी आधी समजत होतो. ‘बेसोस रोबादोस’ हाताने चाचपून पाहिल्यावर मत बदलले. करडे शिल्लक असते तर लाल ओठ हे त्या चेहऱ्याचे ओठ झाले असते. करडे गेल्यामुळे ते कुणाचेच राहिले नाहीत, चोरलेले झाले. अडचणीचा असा उपयोग करणारा माणूस तडजोड करत नसतो. राउल मार्तिनेझ हे मुळातले चित्रकार. त्यांनी ‘लुसिया’ या १९६८ च्या चित्रपटासाठी जाड बाह्यरेषा आणि भडक सपाट रंग वापरले, पॉप कलेच्या वळणाने. आस्कुय, मार्तिनेझ, मुन्योस बाक्स यांची शैली एक नाही. तरी ही पोस्टरे शेजारी लावली की एका घरातली वाटतात. घर म्हणजे ती जाळी.

मूळ कुठे आहे?

आपल्याकडच्या पोस्टरांशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुने भारतीय चित्रपट-पोस्टर मानले जाते. ही परंपरा रंगवणाऱ्यांची आहे. पुढे मुंबईत दिवाकर करकऱ्यांसारख्यांनी ती बहरास आणली. आधी एक रंगवलेले चित्र असते आणि छापखाना त्याच्या प्रती काढतो. छापलेले पोस्टर कितीही सुंदर असले तरी त्याच्या मागे कुठेतरी एक मूळ चित्र होते, आणि बहुतेकदा ते कारखान्यातच फाटले, कुजले किंवा त्याच्या पाठीवर दुसरे रंगवले गेले, ही हळहळ आपल्या संग्राहकाच्या बोलण्यात कायम असते.

क्यूबाच्या पोस्टरामागे असे मूळ नसते. असतो तो आराखडा. रंग कुठला, आकार केवढा, एवढे सांगणारा. चित्र पहिल्यांदा घडते ते कागदावर शेवटचा रंग उतरतो तेव्हा. म्हणजे छापलेली प्रत हेच मूळ, आणि अशी मुळे तीनशे. एकात लाल केसभर डावीकडे, दुसऱ्यात शाई थोडी दाट. कोणते खरे, हा प्रश्नच संभवत नाही.

ही गोष्ट कलेच्या जगाला पूर्वीपासून अडचणीची वाटत आली आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकाअखेर काही कलावंत सिल्कस्क्रीनवर काम करू लागले तेव्हा दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती छापणाऱ्यांपासून आपण वेगळे दिसावे म्हणून त्यांनी ‘सेरिग्राफ’ असा नवा शब्द प्रचारात आणला. तंत्र तेच, फ्रेम तीच. शब्द बदलला की भिंत बदलते. स्पॅनिशमध्ये मात्र ‘सेरिग्राफिया’ हा कारखान्यातलाही शब्द आहे आणि कलादालनातलाही.

कायद्याची गंमत तर याहून मोठी. व्यापारबंदीमुळे अमेरिकेत क्यूबाचा माल आणता येत नसे. १९८८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती होऊन माहितीपर साहित्याला सूट मिळाली. त्या यादीत पुस्तके होती, चित्रफिती होत्या, ध्वनिमुद्रिका होत्या आणि पोस्टरेही होती. चित्रे, म्हणजे कलाकृती, नव्हत्या. त्यांना वाट मिळायला आणखी काही वर्षे आणि न्यायालयीन भांडण लागले. म्हणजे अमेरिकेतल्या संग्राहकाने ज्या वस्तूला ‘कला’ म्हणून चौकट केली ती त्याच्या दारात राजरोस आली, कारण कायद्याच्या लेखी ती कला नव्हती.

सॉन्टॅग यांचा आक्षेप

या पोस्टरांवरचे सर्वांत गाजलेले लेखन सुझन सॉन्टॅग यांचे. डुगल्ड स्टर्मर यांनी १९७० मध्ये क्यूबाच्या पोस्टरांचे एक मोठ्या आकाराचे पुस्तक काढले, त्याला त्यांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली. तिकिटे खपवण्याची सक्ती नसलेले पोस्टर कसे असते, हा प्रश्न त्यांनी फार नेमका मांडला. पण लेखाच्या शेवटी त्या ज्या पुस्तकाची प्रस्तावना लिहीत आहेत त्याच्यावरच संशय घेतात. रस्त्यावरचे पोस्टर पुस्तकात आले, भिंतीवर चौकटीत आले की त्याचा वापर बदलतो; दूरच्या देशातला संग्राहक त्या क्रांतीचा भागीदार होत नाही, फक्त तिचा पर्यटक होतो, असा त्यांचा रोख आहे.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. माझ्या घरातल्या भिंतीवर तो रोज लागू पडतो. तरी त्यात दोन गोष्टी कमी पडतात असे मला वाटते.

पहिली : त्या रस्त्याला इतके निर्मळ मानायचे कारण नाही. ज्या इकाइकने पोस्टराला रूपाचे एवढे स्वातंत्र्य दिले, तिनेच १९६१ मध्ये हवानाच्या रात्रीच्या जीवनावरचा ‘पी. एम.’ हा छोटा माहितीपट दाखवू दिला नाही, आणि त्यावरून क्यूबाच्या सांस्कृतिक जगात मोठे वादळ उठले. कसे काढायचे ते चित्रकाराने ठरवावे. काय दाखवायचे ते संस्थेने. कोबायाशीच्या ‘हाराकिरी’चे गाजलेले पोस्टर करणारे फर्नांदेझ रेबोइरो १९८०च्या दशकात देश सोडून स्पेनला गेले. आस्कुयही पुढे मेक्सिकोत स्थायिक झाले. तेव्हा पोस्टर रस्त्यावर होते तेव्हा जिवंत आणि संग्रहात आले की मेले, अशी सोपी मांडणी टिकत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सॉन्टॅग पोस्टराला प्रतिमा म्हणून वाचतात. आणि संग्राहकाला दोष देताना तो प्रतिमेचे काय करतो एवढेच पाहतात. ती कुणी आणि कशी छापली, हे त्यांच्या विषयात येत नाही. नंतरच्या बहुतेक याद्यांची अवस्था तीच आहे. चित्रपटाचे नाव, चित्रकाराचे नाव, साल, आकार. रंग किती, कोणता आधी कोणता नंतर, फिल्म हाताने कापलेली की छायाचित्रावरून उठवलेली, कागद कसा, यातले काही सहसा नसते. लिंकन कुशिंग यांच्यासारखा, स्वतः छापखान्यात काम केलेला अभिलेखपाल या विषयात आला तेव्हा छपाईच्या रीतीकडे थोडे लक्ष गेले, हा योगायोग नव्हे. पोस्टराच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. मी आजवर पाहिलेल्या एकाही पोस्टरावर स्क्वीजी ओढणाऱ्याचे नाव मला दिसलेले नाही.

फरक काय पडतो?

आता त्या विक्रेत्याचा प्रश्न. सोव्हिएत आधार तुटल्यावर, १९९०च्या दशकात, क्यूबामध्ये कागदाचाही दुष्काळ पडला. जुन्या गाजलेल्या पोस्टरांना मात्र पर्यटकांकडून मागणी होती आणि ती पुन्हा जाळीवर छापली जाऊ लागली. माझे पोस्टर या जातीचे. ते छापणाऱ्याने काहीही लबाडी केलेली नाही. त्याने फिल्म बसवली, रजिस्टर जुळवले, काळ्याचा लगदा होऊ न देता तो सपाट उतरवला, आणि लाल ओठ पांढऱ्यावर नेमके बसवले. मी अकरा वर्षे हेच केले. काम चांगले आहे हे मी शपथेवर सांगेन.

तरीही फरक पडतो. १९७० ची प्रत हे एका गरजेचे अवशेष आहे : चित्रपट अमुक दिवशी लागणार, तोवर पोस्टरे रस्त्यावर हवीत, शाई आहे तेवढ्यात भागवा. नंतरची प्रत दुसऱ्या गरजेचे : पर्यटक येणार, त्याला ओळखीचे चित्र हवे, आणि कारागिराच्या घरी चूल पेटायला हवी. दुसरी गरज पहिलीपेक्षा हलकी आहे असे मला म्हणवत नाही. पण ती वेगळी आहे, आणि वेगळी म्हणून नोंदली गेली पाहिजे. नवी प्रत १९७० ची म्हणून विकली की दोन माणसे पुसली जातात : त्या वेळचा छापणारा आणि आत्ताचाही. कारण आत्ताच्याचे काम चांगले ठरण्याची अट मग एकच उरते, तो मुळीच नसणे.

म्हणून माझ्यापुरता निष्कर्ष असा : हाताने छापलेल्या पोस्टरात नक्कल हा दोष नाही, खोटी तारीख हा दोष आहे. आणि या पोस्टरांना कला म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण मग चित्रकाराच्या सहीबरोबर शाईचा थरही वाचावा लागेल. निदान आपल्या याद्यांत रंगांची संख्या, त्यांचा क्रम, कागद आणि छपाईचा अंदाजे काळ हे चार रकाने वाढवायला काय हरकत आहे? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा एखाद्या खाजगी संग्राहकाकडे बसून आपल्या पोस्टरांविषयीही हे करता येईल. छापखान्यांतून काम केलेली माणसे अजून आहेत. भिंग घेऊन त्यांच्याशेजारी बसायला हवे. आणखी दहापंधरा वर्षांनी ती सोय राहणार नाही. आमच्या तळघराचे मालक गेले, फ्रेमा भंगारात गेल्या. मी छापलेल्या हजारो पत्रिकांपैकी एकही माझ्याकडे नाही. तेव्हा ती जपण्याची वस्तू आहे असे कुणाच्या, माझ्याही, मनात आले नाही.

विक्रेत्याने पुष्कळ पत्रव्यवहारानंतर अर्धे पैसे परत केले. पोस्टर मी परत केले नाही. मऊ पेन्सिलीने त्याच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, लिहून ठेवले आहे : ‘रेने आस्कुय यांच्या १९७० च्या आराखड्यावरून नंतर केलेली हातछपाई. रंग दोन. रजिस्टर उत्तम. छापणाऱ्याचे नाव नोंदलेले नाही.’